पाला घरी, पन्नी गाडीत

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग इथे देते.

«आमचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे अंगणात दोन मोठे निंब, मागे सांदवाडीत निंबू, सीताफळ आणि जाम. कोठ्यात एक गाय. दिवाळीपासून ग्रामपंचायतीची घंटागाडी मंगळवारी आणि शनिवारी येते. मी ओलं-सुकं वेगळं ठेवते. पण निंबाचा पाला चुंगड्यात भरून ठेवला तर गाडीवाला घेत नाही. ‘पाला नाही नेत बाई, दोन घरातच गाडी भरून जाते,’ म्हणतो. मग मामाजी (माझे सासरे) पहाटे उठून अंगणाच्या कोपऱ्यात पाला पेटवतात. सासूबाईंना दमा आहे. धुरानं त्यांचा जीव कासावीस होतो. मामाजींना काही म्हटलं तर म्हणतात, ‘लहानपणापासून जाळून राह्यलो, तवा कोणाले काही झालं नाही.’ हे पुसदला नोकरीला असतात, शनिवारीच घरी येतात. माझी बहीण नागपूरला आहे, ती म्हणते आमच्याकडे तर सगळं गाडीत जातं. त्यातून मागच्या महिन्यात मी डोळ्यांनी पाहिलं, मी वेगवेगळ्या दिलेल्या दोन्ही बादल्या गाडीवाल्यानं एकाच ठिकाणी रिकाम्या केल्या. तेव्हापासून मन उडालं आहे. गाडीवाल्यानं पाला न्यायलाच पाहिजे असा नियम आहे का? मामाजींना न दुखवता कसं थांबवू? आणि शेवटी सगळं एकत्रच होत असेल तर मी वेगळं कशासाठी करू?»

ताई,

तुम्ही विचारलंत त्याच्या आधी मी सासूबाईंबद्दल बोलते. पहाटेची हवा थंड आणि जड असते. त्या वेळी धूर वर चढत नाही, अंगणातच पसरून राहतो. त्यात रात्रीच्या दवानं पाला ओलसर झालेला. ओलसर पाला भडकत नाही, धुमसतो, आणि धुमसताना कितीतरी जास्त धूर सोडतो. त्या धुरातले बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी माणसाची श्वासनळी आधीच सुजलेली असते, तिला एवढं निमित्त पुरतं. दार-खिडक्या लावल्या तरी कवेलूच्या घरात धूर कुठूनही शिरतो. त्यांचा पंप उशाशी असू द्या आणि डॉक्टरांनी रोजचं औषध दिलं असेल तर बरं वाटतं म्हणून ते बंद करू देऊ नका. श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत असेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर धूर ओसरायची वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता गाडीवाल्याचं. तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण माझ्या मते तो बरोबर बोलला. वाळल्या पाल्याच्या सहा चुंगड्या वजनाला एका माणसाएवढ्यासुद्धा भरत नाहीत, जागा मात्र अर्ध्या गाडीची खातात. फाल्गुनात गावातले सगळे निंब एकदम झडतात. गाडीनं पाला न्यायचा ठरवला तर ती दुसरं काही नेऊच शकणार नाही. नियमाचं म्हणाल तर २०१६ साली केंद्र सरकारनं घनकचऱ्याचे नियम केले, त्यात शहरातल्या माणसालासुद्धा असंच सांगितलं होतं की बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवा आणि पालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावा. रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा फेकायला, जाळायला, पुरायला त्यात बंदी होती. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला. हे तुमच्या माहितीसाठी. मामाजींसमोर दंडाचा आकडा काढू नका. सुनेच्या तोंडून कायदा ऐकला की घरातलं माणूस त्या दिवसापासून मुद्दाम जाळायला लागतं, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

बहिणीकडे सगळं गाडीत जातं हे खरं असेल. फ्लॅटला सांदवाडी नसते, तिच्याकडे दुसरा इलाज नाही. पण गाडीत गेलेलं पुढे कुठे जातं, हेही तिला एकदा विचारा. नागपूरचा कचरा भांडेवाडीला जातो, रोज हजार टनांहून जास्त. वर्षानुवर्षं तिथे ढिगाऱ्यांचे डोंगर साचले आणि उन्हाळ्यात त्या डोंगरांना आगी लागत आल्या. पाला, सालं आणि पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, एकमेकांत दाबल्या गेल्या की आत हवा पोचत नाही. मग पाला मुरत नाही, सडतो, आणि त्यातून मिथेन वायू निघतो, जो पेट घेतो. ज्या पाल्याचं तुमच्या सांदवाडीत चार महिन्यांत खत होईल, तोच तिथे गेला तर त्या डोंगराचं सरपण होतो. म्हणून शहरातली सोय बघून मन खट्टू करून घेऊ नका. या बाबतीत तुमच्याकडे तिच्यापेक्षा जास्त आहे: जागा आहे, गाय आहे, आणि ज्यांनी जन्मभर वावर केलं असे मामाजी आहेत.

माझं सगळं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, पाला आणि पन्नी यांची भेट होऊ द्यायची नाही. पाला पन्नीत गेला की दोन्ही वाया. पन्नी पाल्यात गेली की खत वाया, वावर वाया, आणि जाळलं तर धूर विषारी. गाडीला फक्त तेच द्यायचं जे माती खाऊ शकत नाही. बाकीचं घरी.

तर मामाजी. त्यांना ‘जाळू नका’ असं म्हणू नका. आधी हे समजून घ्या की ते जाळतात का. तुम्ही पत्रात त्यांचं एकच वाक्य दिलंय, पण त्यांच्या मनात त्याहून जास्त असणार. पाल्याच्या ढिगात विंचू होतो, साप येऊन बसतो, अंगण घाण दिसतं, लेकरं तिथे खेळतात. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे विंचू चावलेलं माणूस घरोघरी सापडेल. त्यांनी पाला पेटवला तो आळसापोटी नव्हे, घर राखायला पेटवला. हे तुम्ही त्यांच्यासमोर एकदा बोलून दाखवा, मग पुढचं बोलणं सोपं जाईल.

मग एका संध्याकाळी, कोठ्यातलं आवरताना वगैरे, सहज विचारा: ‘मामाजी, आपल्या घरचा उकिरडा कुठे होता?’

हा प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारला होता. ते अर्धा तास बोलले. खड्डा किती खोल होता, बैलांच्या पायाखालचं कुटार, चुलीची राख, अंगणाचं झाडलेलं सगळं त्यात कसं जायचं, आणि उन्हाळ्यात बंडी भरभरून ते खत वावरात कसं पडायचं. मग ते स्वतःच म्हणाले की बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला, शेण कमी झालं, युरियाचं पोतं सोपं वाटलं, आणि उकिरडा बुजला. अंगण झाडणं मात्र सुटलं नाही. झाडलेलं टाकायला जागा उरली नाही तेव्हा काडीपेटी आली. तुमच्या मामाजींच्या ‘लहानपणापासून’मध्येसुद्धा कुठेतरी उकिरडा असणार. त्यांना तो आठवू द्या.

ते म्हणतील की राखही खतच आहे. अर्धं खरं आहे. राखेत पालाश आणि चुना उरतो. पण पाल्यातला नत्र आणि सगळा सेंद्रिय भाग धुरात जातो. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याला तोटा नाही, बहुतेक ठिकाणी ती आधीच अल्कधर्मी आहे. तिला कमी पडतो तो सेंद्रिय कर्बच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या जमिनीला राखेनं काही होत नाही, कुजलेल्या पाल्यानं होतं. जन्मभर वावर केलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत पटतं, सून बोलली तरी पटतं, कारण त्यात त्यांची चूक काढलेली नसते.

पाला मी स्वतःही जाळला आहे, ताई, म्हणून हे एवढं जीव तोडून सांगते. लग्नानंतरचं तिसरं-चौथं वर्ष. होळीच्या आधीचे दिवस, सकाळचे नऊ वाजले असतील. पाला विझत आला म्हणून मी पाणी भरायला गेले. वारा फिरला आणि एक ठिणगी शेजारच्या काकाजींच्या कुटाराच्या गंजीत गेली. सोयाबीनचं कुटार ते, भसकन पेटलं. लोक धावले, घरं वाचली, पण त्यांच्या जनावरांचा सगळ्या उन्हाळ्याचा चारा अर्ध्या तासात गेला. आम्ही नंतर कुटार विकत घेऊन दिलं. काकाजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी एक म्हैस मात्र त्या उन्हाळ्यात विकली, आणि ती का विकली हे मला माहीत आहे. तुमच्या शेजारी कोणाची गंजी असेल, कोठा असेल, तर हेही मामाजींच्या कानावर जाऊ द्या. माझा दाखला द्या.

सासूबाईंच्या बाबतीत अजून एक करा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा मामाजींना सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर सासूबाईंनाच सांगू द्या की पहाटे काय होतं. आपल्याकडे बायको नवऱ्याला जे तीस वर्षं सांगू शकत नाही, ते डॉक्टरांच्या टेबलासमोर एका मिनिटात सांगून होतं.

आणि जागा मामाजींनाच निवडू द्या. सांगण्यासारखं एवढंच की घराच्या भिंतीपासून वीस-पंचवीस फूट लांब, सावलीत. सीताफळाखाली चालेल. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, उघड्यावरचा ढीग दोन दिवसांत कोरडाठक्क होतो, आणि वाळलेला ढीग कुजत नाही, नुसता पडून राहतो. विंचवालाही असाच कोरडा, कोणी न हलवलेला ढीग आवडतो.

तुमचे यजमान शनिवारी येताना पुसदच्या बाजारातून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आणू शकतात. तीन फूट उंचीची, दहा फूट लांब. ती गोल करून दोन टोकं तारेनं बांधली की तीन फूट रुंदीचं कडं होतं. तळाशी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, आडव्या-उभ्या रचा, वीतभर, म्हणजे खालून हवा खेळेल. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, वापरू नका. तिच्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि घराशेजारी रचलेल्या पऱ्हाटीतून पुढच्या हंगामात पुन्हा वावरात पोचते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं ती अळी काय करते ते पाहिलं आहे. घरी सरपणासाठी पऱ्हाटीची गंजी असेल तर तीही पावसाळ्याच्या आत संपवा.

तुराट्यांवर वीत-दीड वीत पाला. त्यावर शेणकाला, म्हणजे दोन ओंजळी शेण बादलीभर पाण्यात कालवून. त्यावर अर्धं टोपलं माती. पुन्हा पाला. रोजची भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा मध्यभागी टाकायचा आणि लगेच वरून पाल्यानं झाकायचा. झाकलं की वास येत नाही, माशा बसत नाहीत. पोळी-भात, तेलकट, हाडं यात नको. त्यांच्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मामाजींची भीती खरी ठरवायची नसेल तर हा एक नियम घरात सगळ्यांनी पाळायचा.

ओल किती असावी याचं माप हातात आहे. ढिगातला मूठभर माल घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं, वाळला पाला मिसळा. काहीच निघालं नाही तर बादलीभर पाणी शिंपडा. माठ विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम, भांड्यांचं साबणाचं नको. चैत्र-वैशाखात आठवड्यातून दोनदा पाणी लागेल आणि वरून गोणपाट झाकावं लागेल. पाण्याची टंचाई तुमच्याकडे असणारच, पण हे पाणी असंही नालीत जातं.

आठ-दहा दिवसांनी ढीग खाली बसतो, वर पुन्हा भरा. महिन्याभरानं कडं उचलून शेजारी ठेवा आणि फावड्यानं सगळा माल त्यात पुन्हा भरा, वरचं खाली, खालचं वर. त्या दिवशी लेकरांना बोलवा. आधी काठीनं ढीग चारही बाजूंनी वाजवून घ्यायचा, मगच हात. वरचा थर काढला की आतून वाफ येते, हाताला चटका नाही पण चुलीजवळच्या भिंतीसारखी ऊब लागते. पानांवर पांढरे धागे पसरलेले दिसतात, ती बुरशी आहे, घाबरायचं नाही, कामाला लागलेली बुरशी आहे. अजून खाली पाहिलं तर निंबाची बारीक पानं विरून गेलेली असतात आणि त्यांच्या मधल्या काड्याच तेवढ्या उरतात, गंजलेल्या तारांसारख्या. वास पहिल्या पावसाचा. कुजका वास आला तर समजायचं की हवा कमी पडली, एकदा हलवून घ्या.

मृगापर्यंत बराचसा माल काळा आणि भुसभुशीत होईल, राहिलेला पोळ्यापर्यंत. चाळून घ्या, काड्या पुढच्या ढिगाच्या तळाशी टाका. निंबाचा पाला कडू म्हणून त्याचं खत होत नाही, असं कोणी सांगेल. होतं. गांडूळखत करायचं असेल तर मात्र ताज्या पाल्यावर गांडुळं सोडू नका, दीड-दोन महिने शेणकाल्यात मुरू द्या.

सगळा पाला कड्यात मावणार नाही. राहिलेला निंबू आणि जामाच्या आळ्यात तीन-चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडून. खोडाला ओला पाला चिकटला तर निंबूला डिंक्या रोग धरतो आणि उधईही चढते. आणि दोन टोपली निंबाचा चांगला हिरवा पाला सावलीत वाळवून साठवणीच्या गव्हात घाला. हे सासूबाईंना माहीत असेल, त्यांनाच विचारा. दम्यामुळे घरातलं बरंच काम त्यांच्या हातून गेलं असेल, हे सांगण्याचं काम त्यांचं राहू द्या.

पुसदचं नाव निघालंच आहे तर मामाजींना खताच्या नाडेप टाकीची आठवण करून द्या. पुसदचेच ना. दे. पंढरीपांडे, सगळ्यांचे नाडेपकाका, त्यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांची टाकी, भिंतीत हवेसाठी भोकं. त्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, पावणेदोन टन चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी, थरावर थर. वरून माती-शेणानं लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत तीनेक टन खत. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेणाचं प्रमाण. एवढ्या काडीकचऱ्याला जेमतेम क्विंटलभर शेण. ज्या घरात एकच गाय उरली त्या घरासाठीच जणू काकांनी ही रीत काढली. तुमच्या एका घराला एवढी टाकी मोठी होईल, पण गल्लीतली चार-पाच घरं मिळून तिचं पोट भरेल. रोजगार हमीतूनही नाडेपच्या टाक्या होत आल्या आहेत, रोजगारसेवकाला विचारा. यंदा आधी जाळीचं कडं करून बघा. मामाजींनी एकदा ते खत हातात घेतलं की टाकीचं तेच काढतील.

आता पन्नी. या भागात तुम्ही आधीच बरंच करताय, म्हणून थोडक्यात.

दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका, चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच राहू द्या. तो सुटलेला तुकडा कोणीच वेचत नाही, तो अंगणातून पाल्यात आणि पाल्यातून वावरात जातो. पिशवी विसळून दोरीवर चिमट्यानं वाळवा. वाळलेल्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा, रद्दी, लोखंड कबाडीवाला घेतो. ओलं, खरकटं लागलेलं तो हातात धरत नाही. बिस्किटांची, चिप्सची चकचकीत वेष्टनं आणि शांपूच्या पुड्या तो घेत नाही, त्या गाडीत. आणि खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी. तुमच्या अंगणात ती कोण टाकतं मला माहीत नाही, पण आपल्याकडे असं अंगण नाही जिथे ती झाडताना खराट्यात अडकत नाही. पाला झाडण्याआधी एक फेरी मारून पन्न्या वेचून घ्या. तेवढ्या पाच मिनिटांवर सगळं खत अवलंबून आहे.

सालं पन्नीत बांधून फेकू नका, कोणालाही फेकू देऊ नका. गाय सालांच्या वासानं गाठ न सोडता पन्नीसकट गिळते आणि ती पन्नी तिच्या पोटातून बाहेर येत नाही. सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून, खूण करून द्या. गाडीवाल्याला ते हातानं उलगडावं लागू नये.

फवारणीच्या बाटल्या या सगळ्यांतून वेगळ्या. औषध पंपात ओतलं की बाटली तिथेच तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपातच घालायचं. मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे कोणी तिच्यात पाणी-तेल भरणार नाही. ती चुलीत नको, विहिरीवर नको, कबाडात नको, घंटागाडीत नको. कुलूपबंद ठेवा आणि कुठे द्यायची ते कृषी खात्याच्या माणसाला विचारा. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यानं जी माणसं गमावली, त्यानंतर या बाबतीत ‘चालतं’ म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सगळं एकत्रच होत असेल तर वेगळं कशासाठी. तुमचं मन उडालं हे मला समजतं. निगुतीनं वेगळं केलेलं कोणी डोळ्यांदेखत एकात ओतलं की अपमान झाल्यासारखं वाटतं. पण वर सांगितलं तसं केलंत तर काय होईल ते बघा. तुमची सालं कड्यात गेली, पाला कड्यात गेला. गाडीत द्यायला उरलं फक्त सुकं. ओली बादली गाडीपर्यंत पोचलीच नाही तर तो मिसळणार काय? तुमच्या घरापुरता तो प्रश्न त्याच दिवशी मिटतो. दोनदा नाही, आठवड्यातून एकदा गाडी आली तरी तुम्हाला पुरेल.

गावापुरता मात्र तो मिटत नाही, आणि तो गाडीवाल्याशी भांडूनही मिटणार नाही. त्याच्या गाडीला मधे पत्रा नसेल, आणि माल नेऊन वेगळा ठेवायला शेड नसेल, तर तो तरी काय करील? हे विचारायची जागा ग्रामसभा आहे, आणि तिच्या आधी होते ती महिला सभा. १ मेची सभा जवळच आहे. तिथे तीनच गोष्टी विचारा: गाडीत ओल्या-सुक्याचे दोन भाग कधी करणार, गोळा झालेलं सुकं कुठे जातं, आणि स्वच्छ भारत मिशनमधून आपल्या गावाला घनकचऱ्यासाठी किती आले आणि कशावर खर्च झाले. २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद होती, म्हणजे ३,००० वस्तीच्या गावाला १,८०,००० रुपये. मोठ्या गावांना माणशी ४५. तालुक्याला प्लास्टिकच्या युनिटसाठी १६ लाखांपर्यंत वेगळे. आकडा घेऊन उभ्या राहिलात की उत्तर टाळता येत नाही. एकट्या उभ्या राहू नका, बचत गटातल्या चार जणींना आधी सांगून ठेवा, आणि प्रश्न लेखी द्या, पोच घ्या.

शेजारच्यांनी पाला पेटवला तर लगेच वाद नको. पोळ्याच्या सुमारास खत झालं की एक घमेलं त्यांच्या निंबूला नेऊन घाला. मामाजींच्या हातानं.

आणि जाळी घ्यायला सांगाल तेव्हा यजमानांना चार खुंटही आणायला सांगा, बाभळीचे किंवा लोखंडाचे, साडेतीन-चार फुटी. तीन पुरत नाहीत. वैशाखातलं वादळ आलं की कडं एका बाजूला कलतं आणि अर्धा पाला पुन्हा अंगणभर होतो.